पाच जून, बिबट्या आणि आपला ऊस



दर वर्षी ५ जूनला आपल्या कारखान्याच्या आवारात झाडे लावली जातात. संचालक मंडळ येते, शाळेची मुले येतात, फोटो निघतो, पेढा वाटला जातो. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात पुन्हा नवे झाड लागते, हे सांगायला आम्हाला संकोच वाटतो. पण काटा-गेटाशेजारच्या रांगेत हे आपल्यापैकी पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा यंदा झाडांचा विषय बाजूला ठेवून हा दिवस कशासाठी आहे आणि ऊस पिकवणाऱ्या माणसाचा त्याच्याशी संबंध काय, हे चार शब्दांत मांडावे असे आम्ही ठरवले.

या दिवसाचा जन्म १९७२ सालचा. आपल्याकडे ते साल दुष्काळाचे. आपले आई-वडील सुकडी खाऊन खडी फोडत होते, जनावरे छावणीला होती, विहिरींचे तळ दिसत होते. त्याच वर्षी ५ ते १६ जून या काळात स्वीडन देशातल्या स्टॉकहोम शहरी संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरणावरची परिषद भरली. यजमान देशाचे पंतप्रधान सोडले, तर तेथे स्वतः हजर राहिलेल्या पंतप्रधान एकच, आपल्या इंदिरा गांधी. गरिबी हटल्याशिवाय गरीब देशांत पर्यावरण राखता येणार नाही, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता. परिषद ज्या दिवशी सुरू झाली तो ५ जून पुढे जागतिक पर्यावरण दिन ठरला आणि १९७३ पासून तो पाळला जाऊ लागला. आपल्या देशात वन्यजीव संरक्षणाचा कायदाही १९७२ चाच. व्याघ्र प्रकल्प त्याच्या पुढच्या वर्षी, १ एप्रिल १९७३ ला सुरू झाला.

म्हणजे दिवस काही नुसता झाडे लावण्याचा नव्हे. वर्षातून एकदा थांबून हिशेब करायचा, की आपण जमिनीतून, पाण्यातून, रानातून काय घेतले आणि त्याचे परिणाम कुणावर झाले. कारखान्याचा ताळेबंद आपण दर वर्षी सभेत मांडतो, तसाच हाही एक ताळेबंद. त्यात आपल्या कारखान्याचे सांडपाणीही येते आणि ओढ्याकाठच्या सभासदांच्या तक्रारीही येतात. पण तो स्वतंत्र विषय आहे, त्यावर निराळे लिहू. आज रानातल्या जिवांपुरते बोलू.

वन्यप्राणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ताडोबा येते, मेळघाट येते. आपल्याला वाटते, तो वनखात्याचा विषय, आपल्याकडे कुठले जंगल? आणि रात्री मोटर चालू करायला निघताना मात्र आपण हातात काठी आणि बॅटरी घेतो. कशासाठी, हे सांगायला नको.

बिबट्या उसात आला कसा, हे आधी नीट समजून घेऊ. कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे ही धरणे झाली. कालव्यांचे पाणी जुन्नर, आंबेगाव, शिरूर आणि पुढे नगर जिल्ह्यापर्यंत पोचले. जिथे बाजरी-मटकी होत होती तिथे ऊस उभा राहिला. आता उसाचा हंगाम बघा. आडसाली लावण जुलै-ऑगस्टची, तोडायला येते दीड वर्षाने. पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरची, सुरू जानेवारी-फेब्रुवारीची, वर खोडवा आहेच. एक फड तुटला तरी शेजारचा उभाच असतो. बाराही महिने दाट आडोसा, पाटाला पाणी, उन्हाळ्यात गारवा आणि माणसाची वर्दळ कमी. बिबट्याला याहून काय हवे? मादी तीन-सव्वातीन महिन्यांत विते, बहुधा दोन-तीन पिल्ले होतात आणि तिला पिल्ले लपवायला उसासारखी जागा दुसरी नाही. अशा पिल्लांच्या पिढ्या उसातच वाढल्या. त्यांनी डोंगर पाहिलेला नाही. त्यांच्या लेखी ऊस हेच रान. ‘यांना यांच्या जंगलात सोडून या’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्यांचे जंगल म्हणजे आपलाच फड असतो, ही गोष्ट पचायला जड आहे. पण खरी आहे.

आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा रीतसर अभ्यास केला. प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे शिवारात लावले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणे, जिथे चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा त्या शेतीच्या मुलखात शंभर चौरस किलोमीटरमागे जवळजवळ पाच मोठे बिबटे निघाले. तरसेही जवळपास तितकीच. अभयारण्य नाही, राखीव जंगल नाही, नुसती शेती.

मग ते खातात काय? त्याच मंडळींनी बिबट्याची विष्ठा गोळा करून तपासली. हा अभ्यास २०१४ चा. खाण्याच्या वजनात सर्वांत मोठा वाटा निघाला गावठी कुत्र्यांचा, १०० पैकी ३९. शेळीचा वाटा अवघा ११. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरीही. याचा अर्थ उघड आहे. शेळी रात्री गोठ्यात बांधलेली असते, कुत्रे मोकळे फिरते. आणि कुत्री वाढतात कशावर? गावाबाहेर टाकलेली मेलेली जनावरे, पोल्ट्रीची घाण, मटणाच्या दुकानामागचा ढीग, आणि स्पष्टच बोलायचे तर आपल्या कारखान्याच्या कॅन्टीनमागचा उकिरडासुद्धा. उकिरडा कुत्र्याला बोलावतो, कुत्रे बिबट्याला बोलावते. आमच्या मते बिबट्याच्या प्रश्नाची अर्धी किल्ली या उकिरड्यात आहे. परंतु ग्रामसभेत पिंजऱ्याची मागणी होते, उकिरड्याची चर्चा होत नाही.

आता पिंजऱ्याविषयी. ‘पकडा आणि लांब नेऊन सोडा’ ही मागणी स्वाभाविक आहे. ज्याच्या दारातून शेळी गेली, ज्याचे पोर थोडक्यात वाचले, तो दुसरे काय म्हणणार? पण हा उपाय करून झालेला आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात शंभरावर बिबटे पकडले गेले आणि त्यांतले पुष्कळ दुसरीकडे नेऊन सोडले. त्याआधी, १९९३ ते २००१ या वर्षांत, माणसांवर हल्ले वर्षाला सरासरी चार होत होते. पकडून सोडण्याच्या काळात ते वर्षाला सरासरी सतरावर गेले. बिबटे कमी केले आणि हल्ले वाढले, असा उलटा प्रकार झाला.

याचे कारण बांधाच्या भाषेत सांगता येईल. प्रत्येक मोठ्या बिबट्याचा आपला इलाखा असतो. कुठल्या वस्तीवर कुत्री आहेत, माणसे केव्हा उठतात, कुठून जायचे, कुठून नाही, हे त्याला पाठ असते. माणसाला टाळून जगायला तो शिकलेला असतो. असा जुना उचलला की जागा रिकामी राहत नाही, बाहेरचे तरणे बिबटे तिथे घुसतात. त्यांना ना वाटा ठाऊक, ना माणसांच्या वेळा. आणि उचललेला नव्या मुलखात सोडला की तो बिथरतो, नाहीतर परत फिरतो.

तो किती चालतो, याचा एक दाखला सांगण्यासारखा आहे. २००९ च्या उन्हाळ्यात नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वर येथे एक वयस्कर नर विहिरीत पडला. त्याला काढून, गळ्यात उपग्रहाला खबर देणारा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले. अभ्यासकांनी त्याचे नाव ठेवले आजोबा. महिनाभराच्या आत हे आजोबा सुमारे सव्वाशे किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे पोचले. वाटेत गावे, रेल्वे, हमरस्ते. एकाही माणसाला इजा केली नाही. डिसेंबर २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने ते गेले. त्यांच्यावर २०१४ मध्ये मराठी चित्रपटही निघाला, काही सभासदांनी तो पाहिला असेल.

पण आजोबांची गोष्ट सांगून आम्हाला कोणाला भुलवायचे नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत परिसरात अवघ्या काही आठवड्यांत तीन माणसे बिबट्याच्या हल्ल्यात गेली. त्यांत दोन लहान मुले, एक वृद्ध स्त्री. लोकांनी महामार्ग रोखला, वनखात्याच्या गाडीला आग लागली, शेवटी बिबट्याला गोळी घालावी लागली. ज्या घरातले मूल गेले त्या घरापुढे जाऊन संवर्धनाचे व्याख्यान देण्याची आमची छाती नाही. माणसावर चटावलेल्या जनावराचा बंदोबस्त व्हायलाच पाहिजे आणि कायद्यातही त्याला वाट ठेवलेली आहे. प्रश्न आहे बाकीच्यांचा, जे आजही आपल्या फडात आहेत आणि उद्याही राहणार आहेत. ऊस आहे तोवर ते आहेत. ऊस तर आपण सोडणार नाही. मग त्यांच्या शेजारी आपली माणसे सुरक्षित कशी राहतील, एवढाच व्यवहाराचा प्रश्न उरतो.

पहिली गोष्ट रात्रीच्या पाण्याची. शेतीला तीन फेजची वीज आठवड्याआड रात्री मिळते, म्हणून माणूस रात्री उसात जातो. खाली वाकून बारे देणारा माणूस बिबट्याला दोन पायांचा दिसत नाही, एखादे जनावर बसल्यासारखा दिसतो. दिवसा वीज मिळावी म्हणून सरकारने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली. ज्या फीडरवर ती पोचली तिथल्या सभासदांचा अनुभव चांगला आहे. जिथे पोचली नाही तिथल्यांनी गटवार अर्ज करावेत, कारखाना ते एकत्र करून पाठपुरावा करील. दिवसाची वीज ही आता केवळ सोयीची मागणी राहिलेली नाही. तोपर्यंत रात्री दोघांनी जावे, मोबाईलवर भजन किंवा रेडिओ मोठ्याने लावावा, बोलत चालावे. चाहूल लागली की बिबट्या बहुधा स्वतःच बाजूला होतो. अचानक समोरासमोर गाठ पडते तेव्हाच घात होतो.

दुसरी गोष्ट आमच्या मनाला जास्त लागून आहे. ती ऊसतोड मजुरांची. बीड, नगर, जळगावकडून आलेली ही माणसे सहा-सहा महिने उघड्यावर कोपी टाकून राहतात. कोपीला दार म्हणजे गोणपाट. पहाटे चारला आई-बाप फडात, पोर कोपीत निजलेले, नाहीतर फडाच्या कडेला पाचटावर ठेवलेले. शौचाला उसाकडे जायचे, तेही अंधारात आणि खाली बसून. आपल्या घराला भिंत आहे, त्यांना तीही नाही. ऊस आपला, साखर आपली, आणि सर्वांत जास्त धोका त्यांच्या लेकरांना! गेल्या हंगामापासून कारखान्याने मजुरांच्या तळावर दिवे लावण्यास सुरुवात केली आहे, पण काम अर्धवट आहे हे मान्य केले पाहिजे. ज्या सभासदाच्या रानात कोप्या पडतात त्याने तळ फडाला खेटून न देता मोकळ्या जागेत द्यावा, एक दिवा आपल्या मीटरवरून द्यावा. महिन्याचे बिल फार येत नाही.

तोडणी चालू असताना पिल्ले सापडणे हा प्रकार दर हंगामात होतो. गेल्या साली आपल्या एका गटात घडलेली हकीकत सांगतो. सकाळी फडाच्या मधोमध दोन पिल्ले निघाली, मांजराएवढी, डोळे नुकते उघडलेली. एकाने ती उचलून शर्टात घातली, दुसऱ्याने मोबाईल काढला, तासाभरात शंभर माणूस जमले. मुकादम शहाणा निघाला. त्याने कोयते थांबवले, पिल्ले होती तिथेच ठेवायला लावली आणि चिटबॉयकरवी गट ऑफिसला निरोप धाडला. वनरक्षक आले, पिल्ले तपासली आणि संध्याकाळी एका उघड्या क्रेटमध्ये त्याच सरीत ठेवून सगळ्यांना दूर केले. रात्री मादी आली आणि एकेक पिल्लू मानेला धरून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी फड तुटला. एक दिवस खोळंबा झाला, वाहन रिकामे परत गेले, म्हणून त्या सभासदाने आमच्याकडे तक्रारही केली. तक्रार खोटी नाही. पण पिल्ले हरवलेली मादी त्या शिवारात आठ-आठ दिवस चवताळून फिरते आणि त्याची किंमत एका खेपेहून फार जास्त पडते. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे. वनखाते आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था २००७ पासून ते मिळून चालवतात. तिथल्या मंडळींनी जुन्नर भागात अशी कित्येक पिल्ले आईपाशी पोचवली आहेत.

तिसरी गोष्ट विहिरींची. आजोबा विहिरीतच सापडले होते, हे लक्षात असेल. रात्री कुत्र्यामागे धावताना बिबट्या, तरस, कोल्हा, नाहीतर आपलीच कालवड जमिनीबरोबर असलेल्या विहिरीत जाते. कठडा बांधणे हा एकदाचा खर्च आहे. तोही होत नसेल तर काटेरी फेस टाकावी आणि विहिरीत एक जाड फाटे असलेला लाकडी ओंडका सोडून ठेवावा. पडलेले जनावर त्याला धरून राहते, काही वेळा चढूनही येते. मात्र डुकरांसाठी बांधाला वीज सोडलेली तार कोणीही लावू नये. अशा तारेला डुकरापेक्षा शेजारचा माणूस आधी चिकटतो, आणि मग तुरुंग ठरलेला.

आतापर्यंत बिबट्याच बोलत राहिलो, कारण भीती त्याचीच आहे. पण शिवारात आणखी मंडळी आहेत आणि ती आपल्या बाजूने राबतात. उंदीर उसाच्या कांड्या किती कुरतडतात हे तोडणीच्या वेळी दिसते. त्याला खाणारे कोण? साप, कोल्हा, रानमांजर आणि घुबड. गव्हाणी घुबड नावाचे पांढऱ्या तोंडाचे घुबड एका रात्रीत कित्येक उंदीर मारते. (कारखान्याच्या गव्हाणीशी त्याचा संबंध नाही, तरी आपल्या पडक्या गोदामात एक जोडी आहे खरी.) घुबड अपशकुनी म्हणून दगड मारणारे आपल्यात अजून आहेत. आणि उंदीर मारायचे औषध वाटेल तसे टाकले, की मेलेला उंदीर खाऊन कोल्हा आणि घुबडही दगावू शकते. पुढच्या वर्षी उंदीर दुप्पट, मग औषध दुप्पट.

हुमणीचेही तसेच. पाच जूनच्या आगेमागे वळवाचा पाऊस झाला, की संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर बसतात. एक मादी पन्नास-साठ अंडी घालते. त्या चार संध्याकाळी फांद्या हलवून भुंगेरे गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकले, प्रकाश सापळे लावले, तर पुढचा निम्मा खर्च वाचतो. आणि नांगरटीच्या मागे बगळे, साळुंख्या, कावळे येतात ते अळ्या वेचायलाच. बांधावरची बाभूळ तोडली की त्यांची बसायची जागा गेली. आवारात शोभेचे झाड लावण्यापेक्षा बांधावरचे आहे ते झाड राखणे आम्हाला अधिक मोलाचे वाटते.

पाचट पेटवण्याबद्दल कृषी खात्याने पुष्कळ सांगितले आहे, आम्ही एवढेच म्हणतो: हेक्टरी सात ते दहा टन पाचट निघते आणि ते जाळले की नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरातून जातो. सोबत सरड्यापासून लाव्यांच्या अंड्यांपर्यंत सगळे जळते. ते सरीत दाबून, युरिया-सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकून कुजवावे. बुडख्यांची छाटणी मात्र चुकवू नये.

ज्यांना वाटते की एवढे जिवंत रान आहे, काही जात नाही, त्यांनी सोलापूरकडे पाहावे. नान्नजच्या माळांवर माळढोक पक्षी होता म्हणून १९७९ मध्ये तिथे अभयारण्य केले. माणसाच्या कमरेएवढा उंच पक्षी, आणि त्याला लागतो तो नुसता उघडा गवताळ माळ. माळ नांगरले गेले, पाणी आले, ऊस आला. आज तिथे एखादा माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. बिबट्याला ऊस मानवला, माळढोकाला नाही. ऊस आपलाच, म्हणून हेही आपल्याच ताळेबंदात लिहायचे.

नुकसानभरपाईबद्दल पुष्कळ सभासद विचारतात. जनावर मारले गेले तर ते हलवू नये, पुरू नये. लगोलग, ४८ तास उलटू न देता वनरक्षक किंवा वनपालाला कळवावे. पंचनामा आणि पशुवैद्यकाचा दाखला झाल्यावरच प्रकरण पुढे सरकते. रकमेचे दर बदलतात, ते वनक्षेत्रपाल कार्यालयात विचारून घ्यावेत. बिबट्या विहिरीत पडला, पिल्ले दिसली, वस्तीवर वारंवार येऊ लागला, तर वनखात्याचा १९२६ हा फुकट नंबर आहे. गर्दी मात्र करू नये. अडकलेला बिबट्या गर्दीमुळेच माणसावर येतो.

यंदा ५ जूनला झाडांचा कार्यक्रम होईलच, पेढेही मिळतील. त्याबरोबर प्रत्येक गटात कठडा नसलेल्या विहिरी आणि कोप्यांचे तळ यांची नोंद घेण्याचे ठरले आहे. शेतकी खात्याचे कर्मचारी वस्तीवर येतील, त्यांना गट नंबर आणि विहिरीची जागा दाखवावी. ज्यांना आधीच नोंद द्यायची असेल त्यांच्यासाठी कोरे फॉर्म गट ऑफिसात ठेवले आहेत.